चकतीचा भुसा

नोएडातल्या आमच्या घराची मागची बाल्कनी काचा लावून बंद केलेली आहे. नोव्हेंबरात दिल्लीची हवा बिघडली की त्या काचा आम्ही उघडत नाही. गेल्या हिवाळ्यात मी तिथेच स्क्रोल सॉ (नक्षी कापायचं करवतीचं मशीन) मांडला आणि प्लास्टिकच्या चकत्यांतून कानातले कापायला बसले. त्या दुपारी अंगठा चिरला आणि पुढे आठवडाभर घसा धरला. दोन्ही टाळता आलं असतं.

चकत्या तळहाताएवढ्या, पाच मिलिमीटर जाडीच्या. सोसायटीतल्या घराघरांतून जमवलेली बाटल्यांची झाकणं एका कारागिराकडून वितळवून, दाबून घेतलेली. निळा, पांढरा, हिरवा असे रंग एकात एक फिरलेले, पाहतच राहावं असे. सोबत त्याने त्याच्याकडच्या चार राखाडी चकत्याही दिल्या. त्या कशाच्या आहेत, हे मी विचारलं नाही.

हात लाकडावर बसलेला, म्हणून मशीन लाकडाच्याच वेगाने लावलं. माझ्या मशीनचं पातं मिनिटाला ४०० पासून १६०० वेळा खालीवर होतं. मी ते शेवटाला नेऊन ठेवलं, आणि नक्षी नाजूक यावी म्हणून सगळ्यात बारीक दातांचं पातं चढवलं. झाकणं बहुतेक एचडीपीई नाहीतर पीपी या प्लास्टिकची असतात. एचडीपीई १३० अंशांच्या आसपासच वितळतं आणि पात्याच्या घर्षणाने तेवढी उष्णता सहज तयार होते. पातं पुढे सरकत होतं आणि मागे काप परत सांधला जात होता. नक्षीतलं पान कापून झालं म्हणून उचलायला गेले, तर चकती अखंड! थांबायची ती वेळ होती. मी चकती आणखी जोरात रेटली. वितळलेल्या प्लास्टिकने पातं धरलं, वर जाताना ते चकतीलाही घेऊन उडालं, मी अंगठ्याने ती खाली दाबली आणि पातं तुटलं. टाके पडले नाहीत, पण तो अंगठा दोन आठवडे कामाचा नव्हता.

आता वेग खालच्या टोकाजवळ असतो. पातं जाड, विरळ दातांचं, म्हणजे चुरा दातांत न अडकता बाहेर पडतो. दात खाली पाहणारे हवेत आणि ताण पुरता हवा. ढिलं पातं वळणावर वाकतं. चकतीवर पार्सलची पारदर्शक चिकटपट्टी लावून तिच्यावर नक्षी काढते. पट्टीमुळे पातं सहज सरकतं आणि काप कमी सांधतो. चकती लहान असेल तर दोन पातळ प्लायवुडच्या तुकड्यांत धरून भोवती तीच पट्टी घट्ट गुंडाळते. बोटांना धरायला जागा मिळते आणि लाकडाच्या भुशामुळे कापही मोकळा राहतो. चकती दाबून धरणारा मशीनचा पाय आड येतो म्हणून काढून टाकू नका. मी काढला होता. ओढणी, सैल बाह्या, बांगड्या, मोकळे केस यांतलं काहीही मशीनजवळ नको.

कडी अडकवायचं भोक काठापासून निदान तीन मिलिमीटर आत, हळू फिरणाऱ्या ड्रिलने आणि हातमोजे न घालता पाडावं. हातमोजा ड्रिलमध्ये गुंडाळला की बोट ओढलं जातं. गोंदाच्या भरवशावर मात्र राहू नका, एचडीपीईला तो धड धरत नाही. माझी पहिली सहा कानातली गिऱ्हाइकाच्या हातातच सुटली.

घसा धरला तो राखाडी चकत्यांमुळे. दुसरी चकती कापताना नाकात झोंबणारा आंबट वास आला आणि डोळ्यांतून पाणी आलं. माझी खात्री आहे की ते पीव्हीसी होतं. पीव्हीसी जास्त तापलं की हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो आणि तो श्वासनलिकेला जाळतो. त्यात बाल्कनी बंद.

टिकरी कलांच्या भंगार बाजारात रोज ढिगांनी प्लास्टिक निवडणारे लोक तुकडा वाकवून, कधी जाळून वासावरून ओळखतात. आपण जाळायच्या भानगडीत पडू नये. पातेलंभर पाणी घ्यावं. एचडीपीई आणि पीपी तरंगतं, पीव्हीसी बुडतं. बुडालेला प्रत्येक तुकडा पीव्हीसीच असतो असं नाही, बाटलीचं पेट प्लास्टिकही बुडतं. पण माझा नियम सरळ आहे, बुडालं ते मशीनवर चढत नाही.

भुशाबद्दल मला शहाणं केलं ते करोल बागेतल्या एका गलाईवाल्या काकांनी. खानापूर-आटपाडीकडची कितीतरी माणसं देशभर, दिल्लीतही, सोनं-चांदी गाळायचं काम करतात. मी कड्या आणायला गेले होते, अंगठ्याची पट्टी पाहून त्यांनी विचारलं. सगळं ऐकून म्हणाले, “ताई, पडलेला चुरा कुठं टाकता?” मी बाल्कनी पाण्याने धुते म्हटल्यावर त्यांचा चेहरा उतरला. “आमच्यात सोनाराच्या दुकानातली झाडलोटसुद्धा झारेकरी विकत घेतो, आणि तुम्ही नाल्यात सोडता?”

सोन्याचा कण मोलाचा म्हणून राखतात; प्लास्टिकचा कण शेकडो वर्षं कुजत नाही म्हणून राखायला हवा. आमचा नाला शेवटी यमुनेकडेच जातो. बाल्कनी धुण्याआधी मी हा विचार करायला हवा होता, आणि केला नव्हता याचं मला आजही वाईट वाटतं.

आता मशीनखाली जुनी पांढरी चादर असते. तोंडावर एन-९५ मास्क; कापडी रुमालाने बारीक कण अडत नाहीत. तोच मास्क आपण धुरक्यात बाहेर पडताना लावतो आणि घरात हाताने धूळ करताना विसरतो. डोळ्यांवर चष्मा. काठ घासायचे ते ओल्या पॉलिशपेपरने, परातीतल्या पाण्यात. मग ते पाणी जुन्या सुती साडीच्या चौपदरी तुकड्यातून गाळायचं. अगदी सूक्ष्म कण त्यातूनही निसटत असतील, म्हणून शक्य तिथे घासण्याऐवजी धारदार सुरीने काठ तासते. तासलेली साल हाताने उचलता येते.

काम काचा उघडून करते, आणि हवा फारच वाईट असेल त्या दिवशी मशीन झाकून फक्त कड्या जोडते. चादरीवरचा चुरा रंगांप्रमाणे तीन बरण्यांत भरते. निळी बरणी मार्चमध्ये भरली. कारागिराने तिची एक चकती दाबून दिली, आणि या वेळी पिशवीत दुसरं काही घालू नका, असं मी त्याला आधीच सांगितलं होतं.