बॉस्टनचा कप्तान फ्लोरिडाकडे कसा गेला?

प्रश्न : आइस हॉकीत ब्रॅड मार्शँड बॉस्टनचा कप्तान होता. त्याला त्याच्या संघाने थेट वैऱ्याच्या, म्हणजे फ्लोरिडाच्या हवाली केलं म्हणे. हे चालतं कसं? खेळाडूला कुणी विचारत नाही का?

उत्तर : चालतं, आणि विचारावं लागतंच असं नाही. आयपीएलमध्ये ट्रेडला खेळाडूची संमती लागते. अमेरिका-कॅनडातल्या नॅशनल हॉकी लीगमध्ये मात्र, करारात तसं कलम आधीच घालून घेतलं असेल तरच खेळाडू अडवू शकतो.

मार्शँडचा करार 2025च्या उन्हाळ्यात संपणार होता. वय 36, दुखापत झालेली, नव्या कराराची बोलणी अडलेली. करार संपला की खेळाडू मोकळा आणि संघाच्या हाती काहीच नाही. म्हणून 7 मार्च 2025ला, ट्रेडची मुदत संपता संपता, बॉस्टन ब्रुइन्सने त्याला फ्लोरिडा पँथर्सला देऊन टाकलं. बदल्यात काय मिळालं? नवोदित खेळाडू निवडण्याच्या ड्राफ्टमधली दुसऱ्या फेरीची एक निवड! सोळा हंगाम, 1,090 सामने, 422 गोल आणि 2011चा स्टॅन्ली कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, एवढं ज्याच्या नावावर, त्याची ही किंमत. वर त्याचा अर्धा पगारही बॉस्टननेच सोसला. लीगमध्ये प्रत्येक संघाच्या पगारखर्चाला कमाल मर्यादा असते. घेणाऱ्याचा हिशेब बसावा म्हणून देणारा असा भार उचलतो.

आता वैराचं. 2022-23च्या हंगामात बॉस्टनने 65 सामने जिंकून लीगचा विक्रम केला आणि बाद फेरीत पहिल्याच मालिकेत फ्लोरिडाने त्यांना गारद केलं. 2024मध्येही बाद फेरीत फ्लोरिडानेच त्यांना हरवलं. त्या मालिकेत धडकेच्या वेळी फ्लोरिडाच्या सॅम बेनेटची मूठ मार्शँडच्या तोंडावर बसली, पुढच्या दोन सामन्यांना मार्शँड मुकला. वर्षभरात हे दोघे एकाच ड्रेसिंग रूममध्ये!

आणि जमलं कसं, तर फारच छान. विजयानंतर बर्फावर प्लास्टिकचे उंदीर फेकायची फ्लोरिडाच्या प्रेक्षकांची जुनी रीत आहे. विरोधकांना छळणाऱ्या मार्शँडलाही लोक ‘उंदीर’च म्हणत आले. त्यामुळे सामना जिंकला की नवे सहकारी ते उंदीर स्टिकने टोलवून त्याच्या अंगावर मारायचे. त्याच हंगामात एडमंटनविरुद्धच्या अंतिम मालिकेत त्याने सहा गोल केले. दुसरा सामना दुसऱ्या जादा वेळेपर्यंत लांबला, तो त्यानेच संपवला. कप फ्लोरिडाला मिळाला, बाद फेरीतला सर्वोत्तम खेळाडू ठरला बेनेट.

गंमत म्हणजे याचा फायदा बॉस्टनलाही झाला. फ्लोरिडाने बाद फेरीत दोन मालिका जिंकल्या आणि मार्शँड निम्मे सामने खेळला, तर ती निवड पहिल्या फेरीची होईल, अशी अट होती. ती पूर्ण झाली.

यात खेळाडूची बेइमानी मला कुठेच दिसत नाही. संघाने पाठवलं तिथे तो गेला आणि जीव तोडून खेळला. बॉस्टनच्या प्रेक्षकांनाही ते कळलं. 21 ऑक्टोबर 2025ला तो पाहुणा म्हणून परतला तेव्हा सगळं मैदान उभं राहिलं, त्याला रडू आवरेना. चुकलं ते बॉस्टनच्या व्यवस्थापनाचं. ज्याच्याशी त्यांचं नव्या कराराचं जमलं नाही, त्याला फ्लोरिडाने कप जिंकल्यावर आणखी सहा वर्षांसाठी ठेवून घेतलं.