नीटपलीकडची बायोलॉजी

नीटचा निकाल लागला, की अनेक घरांत एकच चिंता सुरू होते: एमबीबीएसला नंबर लागत नाही, आता बायोलॉजी घेतलेल्या मुलानं करायचं काय? संशोधन हा शब्द निघाला तर पालक आणखी धास्तावतात. अशा पालकांनी विषाणूशास्त्रज्ञ फ्लॉसी वाँग-स्टाल यांची वाटचाल जरूर समजून घ्यावी.

फ्लॉसींचा जन्म १९४६चा, चीनमधला. पुढे कुटुंब हाँगकाँगला आलं. घरातल्या बायकांपैकी कुणी नोकरी केलेली नव्हती, कुणी विज्ञान शिकलेलं नव्हतं. मुलगी हुशार म्हणून शाळेनं तिला विज्ञानाकडे वळवलं आणि आईवडील पाठीशी राहिले. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून १९६८मध्ये जीवाणूशास्त्राची पदवी, १९७२मध्ये पीएच.डी. आणि १९७३मध्ये बेथेस्डाच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत रॉबर्ट गॅलो यांच्या प्रयोगशाळेत प्रवेश.

तिथला विषय होता रेट्रोव्हायरस. हे विषाणू आपल्या आरएनएवरून डीएनए बनवतात आणि तो थेट पेशीच्या जनुकांत घुसवतात. माणसात असे विषाणू नसतातच, असं तेव्हा अनेक शास्त्रज्ञांना वाटे. गॅलो यांच्या गटानं शोध सोडला नाही. १९७६मध्ये त्यांना टी-पेशी, म्हणजे रोगप्रतिकारशक्तीच्या प्रमुख पेशी, प्रयोगशाळेत दीर्घकाळ वाढवणारं प्रथिन सापडलं. त्या आधारावर १९८०मध्ये एचटीएलव्ही-१ हा पहिला मानवी रेट्रोव्हायरस जगासमोर आला. तो टी-पेशींचा कर्करोग घडवतो.

मग एड्सची साथ आली. १९८३मध्ये पॅरिसच्या शास्त्रज्ञांनी एचआयव्ही शोधला, तेव्हा टी-पेशी वाढवण्याची हीच पद्धत हाताशी होती. वाँग-स्टाल आणि सहकाऱ्यांनी १९८४-८५मध्ये एचआयव्हीचं क्लोनिंग करून त्याच्या जनुकांचा उलगडा सुरू केला. १९८५मध्ये अमेरिकेत एचआयव्हीच्या रक्ततपासणीला मान्यता मिळाली. पदवीपासून इथवर सोळा-सतरा वर्षं लागली, हे पालकांनी ध्यानात ठेवावं.

या ज्ञानाचा उपयोग आज मुंबईतही होतो आहे. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरिअल यांनी विकसित केलेल्या कर्करोगावरच्या कार-टी उपचाराला २०२३मध्ये मान्यता मिळाली. त्यात रुग्णाच्या टी-पेशींत नवं जनुक पोचवायला लेंटिव्हायरस वापरतात. तो एचआयव्हीच्याच कुळातला, पण निरुपद्रवी केलेला.

आता मार्ग पाहू. बारावीनंतर आयसर संस्थांसाठी आयएटी, तर भुवनेश्वरची नायसर आणि मुंबईचं सीईबीएस यांसाठी नेस्ट परीक्षा असते. तिथे जमलं नाही तरी चांगल्या महाविद्यालयातून मायक्रोबायोलॉजी किंवा बायोटेक्नॉलॉजीत बी.एस्सी. करता येते. एम.एस्सी.साठी जॅम आणि गॅट-बी या परीक्षा आहेत. अकरावीत गणित सोडू नये, कारण आजच्या जीवशास्त्रात संख्याशास्त्र आणि प्रोग्रॅमिंग लागतंच.

खर्चाचं काय? भारतात नेट-जेआरएफ ही शिष्यवृत्ती मिळाली, तर पीएच.डी. करताना दरमहा ३७,००० रुपये आणि नियमानुसार घरभाडं मिळतं. अमेरिकेत जीवशास्त्राच्या पीएच.डी.ला सहसा फी माफ असते आणि निर्वाहापुरता स्टायपेंडही मिळतो. एम.एस.चा खर्च मात्र बहुधा स्वतः करावा लागतो. म्हणून संशोधनच करायचं असेल, तर कर्ज काढून एम.एस. करण्याऐवजी आधी थेट पीएच.डी.चा विचार करावा. २०२५पासून तिथल्या संशोधन अनुदानांना कात्री लागली आहे, त्यामुळे भारतातल्या संस्थांचे अर्जही भरून ठेवावेत.

पीएच.डी.ला पाच-सहा वर्षं, पुढे पोस्टडॉक. कायम नोकरी तिशीनंतरच, आणि प्राध्यापकाच्या जागा मोजक्या. मात्र लसनिर्मिती, निदान संच, जैवऔषधं आणि क्लिनिकल ट्रायल या क्षेत्रांनाही हेच कौशल्य हवं असतं.

हे क्षेत्र प्रत्येकासाठी नाही. प्रयोग फसला तरी दुसऱ्या दिवशी तो पुन्हा मांडावासा वाटतो, त्या मुलासाठी आहे. आपलं मूल तसं आहे का, हे गुणपत्रिकेतून कळणार नाही. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास अनेक संशोधन संस्था सर्वांसाठी खुल्या असतात. मुलाला तिथे घेऊन जा, तिथल्या संशोधक विद्यार्थ्यांशी बोलू द्या आणि मगच निर्णय घ्या.