छोट्याने गम गिळला तर?

मित्रांनो, आपल्या प्रोजेक्टचा गम घरातल्या छोट्याने तोंडात घातला, तर घाबरू नका, आधी डबी बघा. पांढरा क्राफ्ट गम म्हणजे मुख्यतः पाणी आणि पॉलिव्हिनाइल ॲसिटेट. चाटण्याइतका गेला तर सहसा विषबाधा होत नाही. तोंड पुसा, घोटभर पाणी पाजा.

इन्स्टंट ग्लू लाळेच्या ओलाव्यानेच घट्ट होतो. ओठ चिकटले तर ओढू नका, कोमट पाण्याने भिजवा आणि डॉक्टरांना दाखवा. उग्र वासाच्या रबर गममध्ये टोल्युइन असू शकतं. तिथे वेळ न घालवता डॉक्टर गाठा.

मीठपाणी पाजून उलटी मात्र करवू नका, ती फुप्फुसात जाऊ शकते. श्वास अडकला किंवा गुंगी आली तर 108 लावा. डबी सोबत न्या.

आणि हो, काम झालं की गम वरच्या फळीवर!