भुलाबाईची गाणी आणि मोबाईलची गाणी

गाणे सर्वांना आवडते. लहान बाळसुद्धा गाणे ऐकले की रडायचे थांबते. मुलांची काही गाणी आपण ऐकतो, काही मोबाईलवर पाहतो आणि काही स्वतः म्हणतो. त्यांची माहिती मी येथे देत आहे.

आधी भुलाबाईची गाणी. ही गाणी आपल्या यवतमाळ जिल्ह्यात आणि विदर्भात मुली म्हणतात. भुलाबाई म्हणजे पार्वती आणि भुलोजी म्हणजे शंकर. भाद्रपद पौर्णिमेला त्यांच्या मातीच्या मूर्ती मांडतात. तेव्हापासून कोजागिरीपर्यंत महिनाभर मुली संध्याकाळी घरोघरी जाऊन टाळ्या आणि टिपऱ्यांवर गाणी म्हणतात. मग खिरापत ओळखायची. घरची बाई झाकलेला डबा हलवून दाखवते. आवाजावरून फुटाणे आहेत की लाडू ते सांगायचे. फार मज्जा येते! खानदेशात गुलाबाई असते. पश्चिम महाराष्ट्रात भोंडला किंवा हादगा असतो.

या गाण्यांतून शिकायलाही मिळते. कारल्याच्या वेलाचे गाणे घ्या. सून माहेरी जायला विचारते. सासू म्हणते, आधी कारल्याचे बी पेर. मग वेल येऊ दे, फूल येऊ दे, कारले लागू दे. परिसर अभ्यासात बीपासून फळापर्यंतचा क्रम आहे, तोच क्रम या गाण्यात आहे. सुनेला किती थांबावे लागत होते तेही कळते.

दुसरी सिनेमातली गाणी. 'नाच रे मोरा' हे गाणे 1953 सालच्या 'देवबाप्पा' या चित्रपटात आहे. ते ग. दि. माडगूळकर यांनी लिहिले, पु. ल. देशपांडे यांनी त्याला चाल दिली आणि आशा भोसले यांनी ते गायले. इतकी वर्षे झाली तरी लहान मुले स्नेहसंमेलनात त्यावर नाचतात.

तिसरी मोबाईलची गाणी. त्यांत चित्रेही हलतात. 'बेबी शार्क' हे गाणे माझ्या लहान भावाला दिवसभर पाहिजे असते. त्यात शार्क माशाचे कुटुंब आहे. हे गाणे आधी अमेरिकेत मुले शिबिरात म्हणत. दक्षिण कोरियाच्या पिंकफाँगने त्याचा नाचाचा व्हिडिओ 2016 साली यूट्यूबवर टाकला. जानेवारी 2022 मध्ये तो 1000 कोटी वेळा पाहून झाला. एवढ्या वेळा पाहिलेला तो पहिलाच व्हिडिओ होता.

मला एक गंमत दिसली. बेबी शार्कमध्ये आई, बाबा, आजी, आजोबा एकेक करून येतात. भुलाबाईच्या गाण्यातही सासू, सासरा, दीर, नणंद असेच एकेक येतात. म्हणून दोन्ही गाणी लवकर पाठ होतात.

पण फरकही आहे. मोबाईलचे गाणे आपण उठून गेलो तरी चालूच राहते. भुलाबाईचे गाणे आपण म्हटले नाही तर बंद पडते. आजी म्हणते, "तुमचा मोबाईल गाते, पण तुमी कवा गासान?"

भुलाबाईची गाणी कोणी रचली त्याचे नाव नाही. आजीला येतात तशी आईला येत नाहीत, कारण आईचे माहेर दारव्ह्याकडचे आहे. तिकडे शब्द वेगळे आहेत. मी दोघींची गाणी वहीत लिहिते आहे. बाजाराला गेलेल्या भावाचे एक गाणे आजीला दोनच कडवी आठवते. पुढचे तिच्या मैत्रिणीला येत होते. ती मैत्रीण आता नाही. आजीने खूप आठवून पाहिले, पण आले नाही.

म्हणून वर्गातल्या सर्वांनी आपल्या आजीची गाणी लिहून घ्यावीत. मुलांनीही घ्यावीत, लाजू नये. मोबाईलमध्ये आजीचा आवाजही भरून ठेवता येतो. आणि हे वाचणाऱ्या काकूंना व आजींना विनंती आहे, की बाजाराला गेलेल्या भावाचे गाणे कोणाला पूर्ण येत असेल तर चौथीच्या वर्गात येऊन मला सांगावे. मी वही घेऊन येते.