पोटाचा कर्करोग आणि रसग्रंथी

पायातला काटा पिकला की जांघेत गाठ येते. आपण म्हणतो, 'अवधान आले'. ही गाठ म्हणजे सुजलेली रसग्रंथी. शरीरातील पेशींभोवतीचा पाझर बारीक रसवाहिन्यांतून वाहतो आणि या ग्रंथींत गाळला जातो. जठर, आतडी, स्वादुपिंड यांच्याभोवतीही अशा ग्रंथी दाटीने असतात. फक्त त्या हाताला लागत नाहीत.

आतड्याच्या अस्तरात सुरू झालेला कर्करोग भिंतीत खोल शिरला, की त्याच्या पेशी रसवाहिन्यांत उतरतात. वाट बहुधा ठरलेली असते. आधी आतड्याला लागून असलेल्या ग्रंथी, मग रक्तवाहिनीच्या कडेकडेने तिच्या मुळापर्यंत. पाटाचे पाणी वाफ्यावाफ्याने पुढे सरकावे तसे. पोटातील रस शेवटी छातीतील मोठ्या रसवाहिनीने मानेच्या डाव्या बाजूला रक्तात मिसळतो. म्हणूनच जठराच्या कर्करोगात कधी कधी डाव्या हसळीच्या वर टणक, न दुखणारी गाठ लागते. अशी गाठ दिसल्यास शेक-लेप करीत बसू नये.

"गाठीत गेला म्हंजे आता इलाज नाई का जी?" हा प्रश्न मला नेहमी विचारतात. तसे नाही. मोठ्या आतड्याचा रोग फक्त जवळच्या ग्रंथींत असेल तर ती तिसरी अवस्था. शस्त्रक्रिया आणि नंतर औषधोपचार यांनी त्यातले बरेच रुग्ण बरे होतात. हसळीपर्यंत पोचलेला रोग मात्र चौथ्या अवस्थेतला. शस्त्रक्रियेनंतरच्या अहवालात 'तपासलेल्या ग्रंथी १४, बाधित ३' असे लिहिलेले असते. ते जरूर विचारा. मोठ्या आतड्यासाठी किमान १२ ग्रंथी तपासल्या जाव्यात, असा दंडक आहे. कमी पाहिल्या तर रोग नसल्याचा निर्वाळा कच्चा राहतो.

सोनोग्राफीत 'गाठी वाढल्या' एवढेच लिहून आले तर लगेच हाय खाऊ नका. आपल्याकडे पोटाच्या क्षयातही गाठी वाढतात, टायफॉईडमध्येही. पण तुकडा न तपासता केवळ अंदाजाने क्षयाच्या गोळ्या महिनोन् महिने खाण्यात कर्करोगाचा मोलाचा काळ निघून जातो. सुई लावल्याने रोग पसरतो, ही भीती तर कितीदा खोडून काढावी! त्या भीतीने तपासणी टाळू नये.

अकोला-अमरावतीहून नागपूरच्या राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर रुग्णालयात किंवा मुंबईला टाटा रुग्णालयात जाताना अहवालासोबत काचपट्ट्या आणि तुकड्याचा मेणातला ठोकळाही मागून घ्या. मुंबईत उतरण्याची चिंता असेल तर दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. टाटाचे रुग्ण तिथे राहतात.