आज रात्री गाडी आहे का?

रुग्णाचा इतिहास घेताना त्याचा व्यवसाय विचारावा, हे आपण सर्वजण विद्यार्थिदशेतच शिकतो. केसपेपरवर त्यासाठी स्वतंत्र ओळही असते. माझ्या दवाखान्यात ती ओळ कित्येक वर्षे बहुधा कोरीच राहत असे. ती कोरी का ठेवू नये, हे मला एका पिकअप-चालकाने शिकवले.

बेळगावहून गोव्याला रोज भाजी जाते. सायंकाळनंतर माल भरायचा, जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ला घाट उतरायचा आणि केरी, साखळीमार्गे पहाटेपूर्वी म्हापसा गाठायचे, असा या चालकांचा क्रम. कोथिंबीर कोमेजण्याआधी बाजारात पोहोचली तरच तिला मोल. त्यामुळे ही वाहतूक मैलांवर नव्हे, घड्याळाच्या काट्यावर चालते.

असाच एक चालक सर्दी-खोकल्यासाठी माझ्याकडे आला. मी क्लोरफेनिरामीन असलेले औषध लिहून दिले आणि रात्री जेवणानंतर घेण्यास सांगितले. त्याने ते सांगितल्याप्रमाणे घेतले आणि गाडी काढली. कणकुंबीच्या अलीकडे त्याचा डोळा लागला व गाडी रस्त्याकडेच्या चरात उतरली. घाट अजून पुढे होता म्हणून मनगटावर निभावले. दोन दिवसांनी हाताला प्लॅस्टर घालून तो आला, तो तक्रार करायला नव्हे.

"डॉक्टर, औषध चांगलं होतं तुमचं. खोकला पार थांबला. झोप तेवढी फार आली बघा."

"अहो, रात्री गाडी चालवता हे सांगितलं का नाही?"

"तुम्ही कुठं विचारलासा?"

या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते.

त्यानंतर त्याचे सोबती येऊ लागले, आणि बाकावर बसलेल्या या मंडळींचे बोलणे मी लक्ष देऊन ऐकू लागलो. भाडे, परतीचा माल, गाडीचा हप्ता, घाटातले धुके हे त्यांचे नेहमीचे विषय. झोपेचा विषय मात्र केवळ थट्टेतून निघे. एकदा एकजण म्हणाला, "काल केरीपासून साखळीपर्यंत गाडी कुणी चालवली, देवाला ठाऊक!" सगळे हसले. मी हसू शकलो नाही. ती थट्टा नव्हती, ते लक्षण होते. काही सेकंदांची ही नकळत लागणारी झोप म्हणजे मायक्रोस्लीप. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी तीन सेकंदांत ५० मीटर अंतर कापते. घाटातले वळण त्याहून जवळ असते.

सकाळी ७ वाजता उठलेला माणूस रात्री १२ वाजता १७ तास जागा असतो. ऑस्ट्रेलियातील डॉसन व रीड यांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, सतरा तासांच्या जागरणानंतरची कार्यक्षमता रक्तात १०० मिलिलिटरमागे ५० मिलिग्रॅम मद्य असतानाच्या पातळीपर्यंत घसरलेली आढळली. आपल्या कायद्याने चालकासाठी मर्यादा ठरवली आहे ती ३० मिलिग्रॅमची. मद्य पकडणारे यंत्र पोलिसांपाशी असते. जागरण पकडणारे यंत्र नाही. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला आठ तासांची मर्यादा घातली होती; परंतु तो पाच वा अधिक कामगार असलेल्या व्यवसायांसाठी होता. कर्जावर एकच गाडी घेऊन ती स्वतः हाकणारा त्यात कसा बसावा?

म्हणून ही जबाबदारी काही अंशी आपल्याकडे येते. चालकाला मी आता चार प्रश्न विचारतो. आज रात्री गाडी आहे का? गेल्या चोवीस तासांत किती झोपलात? घरचे लोक तुमच्या घोरण्याची, मध्येच श्वास अडकण्याची तक्रार करतात का? मधुमेहाची गोळी घेऊन जेवण चुकते का? पहिल्या प्रश्नाने औषधाची निवड बदलते. जुनी अँटिहिस्टामिने व कोडीनयुक्त खोकल्याची औषधे टाळावीत. सेटिरिझिनही काहींना गुंगी आणते. फेक्सोफेनाडीन त्या मानाने बरे. तिसऱ्या प्रश्नातून निद्राश्वसनरोधाचा संशय येतो, आणि त्यावर परिणामकारक उपचार आहेत. चौथ्यातून ग्लिमेपिराइडसारख्या औषधाने रक्तशर्करा एकाएकी उतरण्याचा धोका ध्यानात येतो.

चालकांनाही सांगावे, की तंबाखू, मोठ्याने लावलेली गाणी किंवा तोंडावर मारलेले पाणी यांनी झोप हटत नाही, थोडा वेळ लपते. रात्री २ ते ६ ही सर्वांत धोक्याची वेळ. डोळे जड होताच सुरक्षित जागी गाडी थांबवून कडक कॉफी घ्यावी आणि लगेच १५-२० मिनिटे झोपावे; कॉफीचा अंमल सुरू होईपर्यंत झोपही पदरात पडते. उठल्यावर पूर्ण भानावर आल्याखेरीज चाक हाती धरू नये. हा उपाय तात्पुरता; पुऱ्या झोपेला पर्याय नाही.

तो चालक अजूनही येतो. त्याचे मनगट थंडीत दुखते. आत आल्याबरोबर, मी काही विचारण्याआधीच तो म्हणतो, "डॉक्टर, आज रात्री गाडी आहे ओ." मग मी केसपेपरवरची ती ओळ भरतो आणि नंतरच औषध लिहायला घेतो.