पऱ्हाटीचा सदुपयोग : कृत्रिम फळ्या आणि इंधन

महाराष्ट्रात सुमारे ४० लाख हेक्टर क्षेत्रावर कापसाचे पीक घेतले जाते. शेवटची वेचणी आटोपली की शेतकऱ्याला पुढील हंगामाचे वेध लागतात आणि शेतात उभी असलेली पऱ्हाटी ही त्याच्या दृष्टीने केवळ अडचण ठरते. काही पऱ्हाटी सरपण म्हणून घरी जाते, काही कुंपणाला लागते आणि उरलेली धुऱ्यावर ढीग करून पेटवून दिली जाते. वास्तविक एका हेक्टरातून साधारणपणे २ ते ३ टन वाळलेली पऱ्हाटी निघते. हेक्टरी २ टनांचाच हिशेब धरला, तरी राज्यात दरवर्षी सुमारे ८० लाख टन पऱ्हाटी तयार होते. या संपत्तीचा विनियोग कसा करावा, हा ग्रामीण अर्थव्यवस्थेच्या दृष्टीने विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

लाकडाशी नाते

गव्हाचे काड किंवा सोयाबीनचे कुटार यांच्या तुलनेत पऱ्हाटीची जडणघडण लाकडाशी अधिक मिळतीजुळती असते. तिच्यात सेल्युलोज व तत्सम तंतुमय घटक मोठ्या प्रमाणात असून त्यांना बांधून ठेवणारा लिग्निन हा घटक सुमारे एक चतुर्थांश असतो. याच गुणामुळे ज्या कामांसाठी झाडे तोडावी लागतात, त्यांतील काही कामे पऱ्हाटी करू शकते. मुंबईतील माटुंगा येथे १९२४ साली सुरू झालेल्या प्रयोगशाळेतून पुढे विकसित झालेल्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने या विषयावर दीर्घकाळ संशोधन केले आहे. पऱ्हाटीपासून पार्टिकल बोर्ड तयार करण्याचे तंत्र या संस्थेने विकसित केले आणि नागपूर येथील आपल्या केंद्रात त्याचे प्रायोगिक उत्पादनही करून दाखविले.

फळी तयार होते ती अशी

प्रथम पऱ्हाटीचे दीड-दोन सेंटिमीटर लांबीचे तुकडे केले जातात. हे तुकडे हातोडा-गिरणीतून दळून व चाळून त्यांचा जाडा आणि बारीक असा चुरा वेगळा केला जातो. चुरा सुकवून त्यातील ओलावा अगदी थोडा उरला, की त्यात यूरिया-फॉर्मल्डिहाइड हे कृत्रिम डिंकासारखे द्रव्य मिसळतात. नंतर बारीक चुरा वरच्या व खालच्या बाजूस आणि जाडा चुरा मध्ये, असे थर पसरून ते तापविलेल्या दाबयंत्रात दाबले जातात. फळी थंड झाल्यावर कडा कापून पृष्ठभाग घासला जातो. पाण्याशी संबंध येणाऱ्या कामासाठी फिनॉल-फॉर्मल्डिहाइड वापरणे अधिक योग्य असते. कपाटे, टेबले, खोलीतील आडोसे, छताखालील आच्छादन अशा कामांसाठी या फळ्या उपयोगी पडतात. अशा फळ्यांसाठी भारतीय मानक ३०८७ लागू असून शाळा वा कार्यालयांसाठी खरेदी करताना त्या मानकाची खात्री करून घेणे इष्ट आहे.

या उद्योगात दोन अडचणी विशेष जाणवतात. पऱ्हाटीबरोबर आलेल्या मातीमुळे यंत्रांची पाती लवकर बोथट होतात. तर सालीचे तंतू आणि झाडावर राहून गेलेला कापूस यांचे गोळे होऊन डिंक सर्वत्र सारखा मिसळत नाही. म्हणून मुळांची माती झटकलेली, स्वच्छ पऱ्हाटी पुरविणे हे शेतकऱ्याच्याच फायद्याचे आहे.

इंधन म्हणून उपयोग

वाळलेल्या पऱ्हाटीपासून दर किलोस सुमारे ४,००० किलोकॅलरी उष्णता मिळते. आपल्याकडील हलक्या प्रतीच्या कोळशाच्या जवळपास ही क्षमता जाते. शिवाय भाताच्या तुसात राखेचे प्रमाण सुमारे २० टक्के असते, पऱ्हाटीत ते बरेच कमी असते. तथापि सुटी पऱ्हाटी फार जागा व्यापते आणि ट्रक भरला तरी वजन थोडेच भरते. यावरील उपाय म्हणजे तिचा चुरा करून उच्च दाबाखाली कांड्या किंवा ठोकळे बनविणे. दाब व उष्णता यांमुळे पऱ्हाटीतील लिग्निन मऊ होऊन तोच डिंकाचे काम करतो. वेगळा चिकट पदार्थ घालावा लागत नाही. मात्र चुऱ्यातील ओलावा सुमारे १० टक्क्यांच्या आत हवा.

हे ठोकळे वीटभट्ट्या व कारखान्यांच्या बॉयलरमध्ये वापरले जातात. औष्णिक वीज केंद्रांत कोळशाबरोबर ५ टक्के जैवइंधन जाळण्याचे धोरण केंद्र शासनाने ऑक्टोबर २०२१ मध्ये जाहीर केले. कोराडी, खापरखेडा व चंद्रपूर येथील वीज केंद्रे कापूस पिकविणाऱ्या प्रदेशाला जवळची असल्याने या धोरणाला विदर्भात विशेष महत्त्व आहे.

बोंडअळीचा धोका

२०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने राज्यातील कापूस उत्पादकांचे अतोनात नुकसान केले. फरदड घेतल्याने आणि पऱ्हाटी शेतात दीर्घकाळ उभी ठेवल्याने या अळीला खाद्य व आसरा मिळतो. उरलेल्या किडक्या बोंडांसह पऱ्हाटीचे ढीग गावात रचून ठेवले, तर तेच ढीग पुढील हंगामातील उपद्रवाचे केंद्र बनतात. यासाठी शेवटच्या वेचणीनंतर शेतात शेळ्या-मेंढ्या चारून उरलेली बोंडे संपवावीत, पऱ्हाटी वेळेवर उपटावी आणि साठविण्यापूर्वी यंत्राने तिचे तुकडे करावेत. तुकडे केल्याने कीड आटोक्यात येते, शिवाय वाहतुकीचा खर्चही वाचतो.

संकलनाचा हिशेब

या योजनेचे यश यंत्रांपेक्षा संकलनावर अधिक अवलंबून आहे. समजा, एका गावात २०० हेक्टर कापूस आहे. हेक्टरी २ टनांप्रमाणे ४०० टन पऱ्हाटी निघेल. तिचा निम्मा भाग गावासाठी राखला, तर २०० टन विक्रीसाठी उरेल. दररोज २० टन कच्चा माल लागणारा कारखाना वर्षाकाठी ३०० दिवस चालवायचा, तर ६,००० टन पऱ्हाटी, म्हणजे अशी ३० गावे जोडावी लागतील. पऱ्हाटी निघते हंगामातील काही आठवडेच. कारखाना मात्र वर्षभर चालावा लागतो. साठवणीची आणि पावसापासून संरक्षणाची व्यवस्था आधी झाल्याशिवाय यंत्रे आणणे म्हणजे भांडवल अडकवून ठेवणे होय. ठोकळ्यांचा उद्योग त्यामानाने लहान प्रमाणावर व कमी भांडवलात उभा राहू शकतो.

चूल आणि माती

पऱ्हाटीला भाव येऊ लागला, की आजवर ती विनामूल्य नेणाऱ्या भूमिहीन कुटुंबांच्या चुलीचे काय, हा प्रश्न उभा राहतो. ज्या घरात गॅसचे सिलिंडर परत भरून घेणे परवडत नाही, तेथील स्त्रियांना सरपणासाठी आणखी दूर जावे लागेल. त्याचप्रमाणे शेतातील सर्वच अवशेष बाहेर गेले, तर जमिनीतील सेंद्रिय द्रव्य घटत जाईल. म्हणून वरील हिशेबात निम्मा भाग गावासाठी राखून ठेवला आहे. पाने, कोवळ्या फांद्या व बारीक चुरा यांचे शेणकाल्यासह कंपोस्ट करून ते शेतालाच परत द्यावे. जाड खोडे उद्योगाकडे जावीत.

पंचायतींचे कार्य

वेचणी संपण्यापूर्वीच ग्रामसभेत गावातील कापसाचे क्षेत्र, अपेक्षित पऱ्हाटी आणि सरपणासाठी राखावयाचा वाटा निश्चित करावा. साठ्यासाठी वस्तीपासून दूर, विजेच्या तारांखाली नसलेली जागा निवडावी आणि आगीपासून संरक्षणासाठी दोन ढिगांत पुरेसे अंतर राखावे. तुकडे करण्याचे यंत्र बचतगट किंवा सहकारी संस्थेमार्फत भाड्याने चालविल्यास गावात रोजगारही निर्माण होईल. विक्रीचा दर वजनाबरोबरच ओलावा व स्वच्छता यांवर ठरवून तो लेखी करारात नमूद करावा. शाळांतील शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून गावातील पिकांच्या अवशेषांची मोजणी करवून घेतल्यास पंचायतीला माहिती मिळेल आणि मुलांनाही आपल्या शिवाराचा अभ्यास घडेल.

पऱ्हाटी पेटविण्यास एक काडी पुरते. तिचा योग्य वाटा चुलीला, मातीला आणि उद्योगाला मिळवून देण्यासाठी मात्र सर्व गावाने एकत्र बसून विचार करावा लागेल. हा विचार वेचणीच्या अगोदर झाला, तरच त्याचा उपयोग होईल.